भरती अजून भरूचपर्यंत येते

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत, मागच्या भिंतीवर अगदी छताजवळून एक लांब ब्राह्मी लेख कोरलेला आहे. क्षहरात घराण्यातील क्षत्रप, म्हणजे शक राज्यकर्ता, नहपान याचा जावई उषवदात याने केलेल्या दानांची ती यादी असून तिच्यात ‘भरुकछे दशपुरे गोवर्धने शोर्पारगे च’ असे चार स्थळांचे उल्लेख एका ओळीने येतात. भरुकच्छ म्हणजे आजचे भरूच, दशपूर म्हणजे मध्य प्रदेशातील मंदसौर, शूर्पारक म्हणजे सोपारा, आणि गोवर्धन म्हणजे नाशिकच्या पश्चिमेला गंगापूर धरणाच्या वाटेवर अजून त्याच नावाने नांदणारे गाव. या चारही ठिकाणी आपण चौसोपी निवारे बांधले, बागा केल्या, तळी आणि विहिरी खोदल्या, असे उषवदात सांगतो; आणि लगेच पुढे इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा व दाहनुका या नद्यांवर वाटसरूंना फुकट पार नेणाऱ्या नावा ठेवल्या, असेही सांगतो.

पांडवलेण्यांच्या त्रिरश्मी डोंगराच्या पायऱ्या मी लहानपणापासून चढत आले आहे आणि हा लेख कितीतरी वेळा मान वर करून पाहिला आहे. पण त्यातील नद्या आणि गावे नकाशावर मांडून पाहण्याची बुद्धी मला फार उशिरा झाली. मांडल्यावर दिसले की गोवर्धनापासून भरूचकडे जाणारा माणूस ज्या मुलखातून जाईल, त्याच मुलखातील पाणी उषवदाताने नौकांनी बांधून काढले होते. पारदा म्हणजे पार, दमण म्हणजे दमणगंगा, तापी तर तापीच, आणि दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी. या दानाच्या यादीत एक रस्ता दडलेला होता, आणि तो माझ्या घराजवळून निघून नर्मदेच्या काठच्या एका बंदरात संपत होता. त्या रस्त्याने एकटीने मोटारसायकलवर जाऊन यायचे, हे तेव्हाच ठरले.

जाण्याची घाई होण्याचे कारण मात्र वेगळे होते. भरूच समुद्रापासून सुमारे पन्नास किलोमीटर आत आहे, तरीही खंभातच्या आखातातील भरती नर्मदेच्या पात्रातून तिथपर्यंत चढते. हे शहर बंदर झाले ते या भरतीमुळे. आता शहराच्या खाली भाडभूत येथे नदीवर दीड किलोमीटरहून लांब, नव्वद दरवाजांचा बंधारा बांधला जात आहे, आणि तो पुरा झाला की खारे पाणी त्याच्या पलीकडे, समुद्राच्या बाजूलाच अडेल. बंधाऱ्याचा हेतूच तो आहे. म्हणजे दोन हजार वर्षे ज्या पाण्याने इथे जहाजे आणली, ते पाणी भरूचच्या घाटाला शिवणे बंद होणार आहे. ते होण्याआधी मला भरतीच्या वेळी त्या घाटावर उभे राहायचे होते.

तिथीसुद्धा मी जुन्या ग्रंथाला विचारून ठरवली. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील कोणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांचे वर्णन लिहून ठेवले आहे. ‘पेरिप्लस’ या नावाने ते ओळखले जाते. त्यात भरूचला ‘बॅरिगाझा’ म्हटले आहे, आणि या किनाऱ्यावरची भरती-ओहोटी अमावास्येला आणि पौर्णिमेला तीन दिवस सर्वांत जोरात असते असे सांगितले आहे. मी पौष पौर्णिमा धरली आणि चतुर्दशीच्या पहाटे निघाले.

नाशिकहून पेठमार्गे गुजरातेत उतरणारा रस्ता मला मुंबईच्या महामार्गापेक्षा कितीतरी पटींनी प्रिय आहे. जानेवारीत पहाटे सावळ घाटात हातमोज्यांतूनही बोटे बधिर होतात, आणि कोटंबी घाट उतरून पेठ आले की चहाच्या टपरीवर पेल्याभोवती हात धरून उभे राहण्यावाचून गत्यंतर नसते. इथपर्यंतचे नाशिक जिल्ह्याचे बरेचसे पाणी गोदावरीला मिळून पूर्वेला जाते. पेठ तालुक्यातले मात्र दमणगंगेला आणि पार नदीला मिळून पश्चिमेच्या समुद्राकडे वळते. माझ्या गाडीने जलविभाजक ओलांडला होता आणि उषवदाताच्या नद्यांचा प्रदेश सुरू झाला होता. कापराड्याची वळणे उतरताना दोन्ही बाजूंना साग आणि बांबू, मधूनमधून नागलीची कापून मोकळी झालेली उतरती शेते. एकटीने गाडी चालवताना मनाला बोलायला कोणी नसते, त्यामुळे ते रस्त्याशी बोलते. घाटात तर प्रत्येक वळण आधी कानांनी आणि मग डोळ्यांनी घ्यावे लागते.

पारडीला महामार्गाला लागल्यावर ते सुख संपले. तिथून भरूचपर्यंत सहापदरी रस्ता, मालवाहू गाड्यांची अखंड रांग आणि रासायनिक कारखान्यांचे पट्टे. मी ठरवून प्रत्येक नदीच्या पुलाअलीकडे थांबत गेले: अतुलजवळ पार, वलसाडला औरंगा, मग अंबिका, पूर्णा, आणि कामरेजला तापी. पूल इतके लांब आणि वाहने इतकी वेगात असतात की नदी ओलांडली हे बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. पण खाली उतरून काठाला गेले की कळते, पावसाळ्याबाहेरही या नद्या पायी उतरून जाण्याजोग्या नाहीत. इथे वाट अडून बसलेल्या, पैसे नसलेल्या माणसाला पलीकडे फुकट नेणारी नाव म्हणजे काय, हे मला पार नदीच्या काठी पंधरा मिनिटे बसल्यावर जेवढे उमगले तेवढे लेण्यात कधीच उमगले नव्हते.

सुमारे तीनशे किलोमीटर झाले तेव्हा चार वाजून गेले होते. महामार्ग नर्मदा ओलांडतो तो झाडेश्वरजवळ, शहराच्या पूर्वेला. तिकडे न जाता मी अंकलेश्वर गावातून जुन्या रस्त्याने आले. कारण जुन्या रस्त्याने येणाऱ्याला भरूच समोरून दिसते: नदीच्या पलीकडे एकाएकी उंच उठलेली टेकडी, तिच्यावर एकमेकांच्या खांद्यावर चढलेली घरे, आणि खाली पाण्यालगत दगडी तट. इथे शेजारी शेजारी तीन पूल आहेत. १८८१ साली पुरा झालेला लोखंडी पूल, ज्याला सगळे ‘गोल्डन ब्रिज’ म्हणतात; १९३५ चा रेल्वेचा पूल; आणि २०२१ मध्ये वाहतुकीला खुला झालेला नर्मदा मैया पूल. पहिल्या पुलाला सोन्याचे नाव पडले ते त्याच्या खर्चामुळे. त्याच्याआधी रेल्वेसाठी बांधलेले पूल नर्मदेच्या पुरांनी एकामागून एक मोडले, आणि हा उभा राहीपर्यंत सुमारे ४५ लाख रुपये लागले. इतक्यात सोन्याचाच झाला असता, असे लोक म्हणू लागले. आधी आगगाडी, मग १४० वर्षांच्या उरलेल्या काळात मोटारी आणि दुचाक्या वाहिल्यावर आता तो वाहनांना बंद आहे. त्याच्यावरून गाडी नेता आली नाही याची हळहळ वाटली. पण नव्या पुलावरून तो पूर्ण लांबीचा, म्हणजे सुमारे चौदाशे मीटर, डोळ्यांसमोर राहतो, आणि त्याच्या बारीक लोखंडी जाळीतून मावळतीचे पाणी दिसते. त्या वेळी नदी काठोकाठ भरलेली होती. प्रवाह समुद्राकडे न जाता उलटा, पूर्वेला सरकत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ-दहाच्या सुमारास दशाश्वमेध घाटावर गेले तेव्हा तीच नदी ओळखू येईना. पाणी कितीतरी खाली गेले होते, घाटाच्या पायऱ्यांपुढे राखी रंगाचा ओला गाळ चकाकत होता, आणि पात्राच्या मधोमध वाळूची बेटे वर आली होती. बळीराजाने इथे दहा अश्वमेध केले आणि वामन इथेच आला, अशी श्रद्धा आहे. शहराचे नाव भृगू ऋषींवरून भृगुकच्छ असे सांगतात आणि त्यांचे मंदिरही नदीच्या काठावर आहे. भाविक स्नानासाठी गाळ टाळत पाण्यापर्यंत जात होते. मी मात्र त्या वाळूच्या बेटांकडे पाहत होते, कारण पेरिप्लसच्या लेखकाला याच वाळूची भीती वाटली होती.

त्याने लिहिले आहे की या नदीचे मुख परक्या माणसाला सापडणे कठीण, सापडले तर आत शिरणे कठीण, आणि आत शिरल्यावर ओहोटीत जहाज वाळूवर टेकले तर पुढच्या भरतीचा लोंढा त्याला आडवे पाडतो; हा लोंढा येण्याआधी दूरवरून सैन्याच्या आरोळीसारखा आवाज ऐकू येतो. म्हणून राजाच्या नोकरीतील कोळी ‘त्रप्पग’ आणि ‘कोटिंब’ नावाच्या मोठ्या नावा घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात, परदेशी जहाजांना गाठत, आणि भरतीबरोबर ओढत, ओहोटीला ठरलेल्या खोल डोहांत नांगरत, टप्प्याटप्प्याने भरूचपर्यंत आणत. नदीच्या मुखापासून शहर तीनशे स्टेडिया, म्हणजे पन्नास-पंचावन्न किलोमीटर, असे त्याचे माप आहे आणि ते आजही जुळते. ‘कोटिंब’ वाचताना आपल्याकडच्या कोटिया गलबताची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

भरूचच्या नाविकांची कीर्ती जातककथांतही आहे. सुप्पारक जातकातील बोधिसत्त्व भरुकच्छातील तांडेलाच्या घरी जन्मतो, सोळाव्या वर्षी स्वतः तांडेल होतो, आणि खाऱ्या पाण्याने डोळे जाऊन आंधळा होतो. तरीही व्यापारी त्यालाच सुकाणूवर बसवून समुद्रात जातात, आणि पाण्याच्या खुणांवरून समुद्र ओळखत तो त्यांना परत आणतो. घाटावर बसून ही कथा आठवताना मला ती चमत्काराची वाटेना. ज्या पात्रात वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते आणि पाणी दिवसातून दोनदा उलटे वाहते, तिथे डोळ्यांना दिसणाऱ्यापेक्षा तांडेलाच्या अंगात मुरलेले ज्ञान मोठे असणारच.

घाटावरून वर चढत जुन्या गावात जाणे हा एक वेगळाच अनुभव आहे. भरूचचा डोंगर हा बराचसा माणसांनी केलेला आहे. शतकानुशतकांच्या वस्त्यांचे थर एकावर एक बसून तो वाढला. नर्मदेच्या पुरापुढे या उंचीचे मोल काय, हे सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा दिसले, जेव्हा खालच्या वस्त्यांत पाणी शिरले आणि वरचे गाव कोरडे राहिले. गल्ल्या इतक्या अरुंद आणि चढ इतके उभे की मोटारसायकल मी पहिल्याच दिवशी धर्मशाळेत लावली ती तिसऱ्या सकाळीच काढली. मालबारी दरवाजा, कतोपोर दरवाजा, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘फुर्जा बंदर’. फुर्जा हा मूळ अरबी शब्द, आणि त्याचा अर्थच मुळी बंदर किंवा जकातीचे ठाणे. आज तिथे जकात नाही, गलबते नाहीत, पण रिक्षावाल्याला फुर्जा म्हटले की तो नेमका तिथेच नेऊन सोडतो. बंदर बंद पडले तरी पत्ता चालू राहिला आहे.

किल्ल्याच्या पायथ्याची जामा मशीद चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची. तिचे कोरीव खांब आणि छते पाहताना कोणालाही कळते की हे दगड आधीच्या मंदिरांचे आहेत. कमळे आणि पट्ट्या जशाच्या तशा आहेत. जैनांसाठीही हे तीर्थ आहे, मुनिसुव्रत स्वामींच्या अश्वावबोध तीर्थाची परंपरा इथलीच. आणि सातव्या शतकात ह्युएन त्संग आला तेव्हा त्याला इथे बौद्ध विहार दिसले होते. त्याने मातीच्या खारेपणाबद्दल, समुद्राचे पाणी आटवून मीठ करण्याबद्दल आणि लोकांची सारी उपजीविका समुद्रावर असल्याबद्दल जे लिहिले, ते वाचून दहेजच्या रस्त्यालगतची मिठागरे पाहिली की तेराशे-चौदाशे वर्षांचे अंतर काही क्षण पुसले जाते.

तटाजवळ मराठी माणसाची पावले थोडी मंदावतात. १६६० साली औरंगजेबाच्या हुकुमाने हा तट बराचसा पाडला गेला, आणि त्यानंतर मराठ्यांच्या स्वाऱ्या झाल्यावर त्यालाच तो पुन्हा बांधण्याचा हुकूम द्यावा लागला. पुढे १७७२ मध्ये इंग्रजांनी शहर घेतले, त्या वेढ्यात त्यांचा सेनापती वेडरबर्न मारला गेला. सालबाईच्या तहानंतर, १७८३ मध्ये त्यांनी ते महादजी शिंद्यांना दिले. १७७९ मध्ये वडगावला कोंडीत सापडलेल्या इंग्रज फौजेशी महादजींनी जे उदार वर्तन केले होते, त्याची ती पोच होती. वीस वर्षे भरूचवर शिंद्यांचा अंमल होता. २९ ऑगस्ट १८०३ रोजी इंग्रजांनी ते पुन्हा जिंकले. आपल्या शाळेच्या पुस्तकांत वडगाव आणि सालबाई दोन्ही असतात, पण त्या दोहोंना जोडणारे हे शहर नसते.

शहराच्या पश्चिमेला थोड्या अंतरावर डच व्यापाऱ्यांच्या कबरी आहेत. आपण ज्यांना वलंदाज म्हणतो त्यांची इथे सतराव्या शतकात वखार होती, इंग्रजांचीही होती, आणि दोघांना ओढून आणणारी वस्तू एकच: कापूस आणि त्याचे कापड. भरूचचे ‘बाफ्ता’ कापड त्या काळी प्रसिद्ध होते, आणि इथल्या नदीच्या पाण्यात कापड विशेष शुभ्र होते म्हणून मोगल राज्याच्या दूरदूरच्या भागांतून माल धुण्यासाठी इथे येतो, असे ताव्हर्निये या फ्रेंच प्रवाशाने नोंदवले आहे. दोन उंच घुमटाकार कबरी, भोवती कमी उंचीच्या काही, आणि समोरच्या बाजूला पारशांचे दोखमे, म्हणजे मृतदेह ठेवण्याचे मनोरे. माझ्याखेरीज तिथे कोणी नव्हते. परक्या बंदरात मेलेल्या माणसांनी इतक्या मोठ्या कबरी का बांधून घेतल्या असतील, याचा विचार करत मी सावलीत बराच वेळ बसले. येताना एका घरी मागावर सुजनी विणताना पाहिली: दोन पदरी कापड, आणि विणता विणताच त्याच्या चौकोनी खणांत कापूस भरत जायचे, म्हणजे गोधडी मागावरून उतरते तीच भरलेली. वलंदाज गेले, बाफ्ता गेला, पण कापसाला हात लावणारी माणसे थोडी का होईना उरली आहेत. तिथल्या बाईंनी मला वाटीभर खारी सिंग दिली. भरूचच्या या खाऱ्या शेंगदाण्यांची चव नाशिकला येणाऱ्या पुड्यांत नसते.

तिसऱ्या सकाळी गाडी काढली आणि झगडिया तालुक्यातील रतनपूरला गेले. वाट लहान, दोन्ही बाजूंना ऊस आणि केळी, मग हळूहळू टेकड्या. इथल्या टेकडीवर बावा घोर यांचा दर्गा आहे आणि त्याची सेवा सिद्दी समाजाकडे आहे. परंपरेने बावा घोर हे आफ्रिकेतून आलेले, अकीकाचा व्यापार जोपासणारे पीर. जंजिऱ्यामुळे सिद्दी हा शब्द आपल्याला एका किल्ल्यापुरता ठाऊक असतो. इथे तो डोंगर, दगड आणि ढोल यांच्याशी जोडलेला भेटतो. भोवतालच्या जमिनीत अकीकाचे खडे सापडतात. ते मातीच्या मडक्यांत भरून शेणाच्या गोवऱ्यांच्या मंद आचेवर तापवले की दगडातील लोहामुळे त्यांचा रंग लाल होतो, आणि मग ते खंभातच्या कारागिरांकडे घडवायला जातात. एक कच्चा, मातकट खडा मी विकत घेतला. असा अकीक दख्खनच्या लाव्हाच्या पोकळ्यांत सिलिका साचून होतो. आणि पांडवलेणी कोरली आहेत तीही त्याच लाव्हाच्या खडकात.

भरूचहून परदेशी जाणाऱ्या मालात पेरिप्लसने अकीक सांगितला आहे, तसे हस्तिदंत, जटामांसी, कोष्ट, पिंपळी आणि सर्व प्रकारचे सुती कापड. येणाऱ्या मालात इटलीची दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच, आणि सोन्या-चांदीची नाणी. पण मला नेहमी थांबवणारे वाक्य वेगळे आहे. भरूचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणच्या पूर्वेला सुमारे दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. पैठणहून अकीक आणि तेरहून कापड, रस्ते नसलेल्या मोठमोठ्या प्रदेशांतून गाड्यांवर लादून भरूचला येते. बंदर म्हटले की आपल्याला जहाजे दिसतात. गाडीवान दिसत नाहीत. भरूच उभे होते ते जितके आखातातल्या कोळ्यांच्या भरवशावर, तितकेच घाट उतरणाऱ्या मराठवाड्यातील बैलांच्या भरवशावर. याच व्यापाराच्या जोरावर नहपान आणि सातवाहन यांच्यात झुंज लागली. कल्याणला उतरू पाहणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भरूचला नेली जात, असे तोच लेखक सांगतो. आणि शेवट काय झाला ते १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे सापडलेल्या ठेव्याने दाखवले: नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी, आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला.

रतनपूरहून परतून शहर ओलांडले आणि दहेजच्या दिशेने निघाले. भरूचचे बंदर बुडाले ते एकाएकी नाही. पात्र गाळाने भरत गेले, जहाजे मोठी होत गेली, खंभात आणि सुरत पुढे गेली, १८६० मध्ये अंकलेश्वरपासून रेल्वे सुरू झाली आणि माल जमिनीवरून जाऊ लागला. आज मोठी जहाजे लागतात ती नदीच्या मुखाशी, दहेजला. गाळाने मात्र तिथेही पाठ सोडलेली नाही. २०१७ मध्ये घोघा ते दहेज सुरू झालेली, वाहने नेणारी फेरी दहेजजवळ पाण्याची खोली पुरेना म्हणून बंद पडली आणि २०२० मध्ये हजीऱ्याहून सुरू करावी लागली. पेरिप्लसच्या लेखकाला याचे आश्चर्य वाटले नसते.

मी दहेजपर्यंत गेले नाही, भाडभूतला वळले. काठावर होड्या गाळात कलत्या पडल्या होत्या, जाळी वाळत होती, आणि दूरवर बंधाऱ्याचे खांब आणि क्रेन दिसत होते. इथला मोठा मासा म्हणजे हिल्सा. पावसाळ्यात तो समुद्रातून गोड्या पाण्याकडे अंडी घालायला चढतो, आणि वरच्या धरणांमुळे नदीचे पाणी कमी झाल्यापासून तो कमी होत आला आहे. आता त्याची वाटच अडणार, ही कोळ्यांची व्यथा आहे. दुसरी बाजूही खरी आहे: नदीत गोडे पाणी कमी झाले म्हणून खारे पाणी वर चढले, काठच्या विहिरी आणि शेते बिघडली, आणि त्या शेतकऱ्यांना बंधारा हवा आहे. मी दोन्हीकडच्या माणसांशी बोलले आणि दोघांचेही म्हणणे मला खोटे ठरवता आले नाही. तरीही खरे सांगायचे तर माझे मन कोळ्यांकडे झुकले, कारण जी विद्या फक्त त्यांच्याकडे आहे ती बंधाऱ्याच्या अलीकडे कोणाच्याच उपयोगाची राहणार नाही.

एक वृद्ध कोळी होडीच्या सावलीत जाळे सांधत बसले होते. मी त्यांना विचारले, “काका, भरती कधी येईल?” त्यांनी घड्याळाकडे पाहिले नाही, नदीकडेही पाहिले नाही, जाळ्यातली मान वर न करता म्हणाले, “बेन, थोडी वार बेसो, पाणी आवशे.” मी हेल्मेट शेजारी ठेवून बसले. आपल्याकडे भरती-ओहोटी, त्यांच्याकडे भरती-ओट. एवढ्यावर आमचे बोलणे छान चालले. परिक्रमावासी नर्मदा पुलावरून ओलांडत नाहीत. दक्षिण काठाला विमलेश्वरपर्यंत चालत जातात आणि तिथून मुखाशी भरती साधून नावेने मीठी तलाईला उतरतात. त्यांत मराठी माणसे फार असतात, हे काकांना ठाऊक होते, “तमे पण परिक्रमावाळा?” असे त्यांनी विचारले. मी पुलावरून आले, असे सांगताना मला थोडे ओशाळल्यासारखे झाले.

दुपार कलली तेव्हा त्यांनी सुई खोचली आणि बोटाने पश्चिमेकडे दाखवले. आधी काहीच दिसले नाही. मग पात्रभर एक बारीक, मळकट रेघ दिसू लागली, आणि तिच्याबरोबर वाळू घासत आल्यासारखा खालचा, सततचा आवाज. रेघ जवळ आली तेव्हा ती गुडघाभर उंचीची लाट होती, फेसाळ, काठ ओरबाडत येणारी. ती आमच्या पुढून गेली आणि तिच्यामागे पाणी चढतच राहिले. बेटे एकेक करून बुडाली. गाळात कलंडलेल्या होड्या एका अंगाने हलल्या, सरळ झाल्या, आणि दोर ताणत सगळ्या एकदमच भरूचच्या दिशेला ओढल्या गेल्या. काका उठले, धोतर खोचून पाण्यात उतरले, आणि तरंगू लागलेल्या होडीच्या काठाला त्यांनी हात लावला.